आवडी रेघुली आणि गोब्र्याच्या तीन खुणा

या, इकडे सरका. बाबल्या, पाय पांघरुणात घे. किशी, तू भिंतीकडून झोप. आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. फारच वाटलं तर एकदा विचारा, मी उत्तर देईन.

तर एक होता राजा. जमिनीवरचा नव्हे हं. त्याला ना हत्ती, ना घोडे, ना सिंहासन. तो होता गोब्रा मासा. आपल्या बंदरापासून लांब, पाण्याखाली एक मोठं खडप आहे. खडकच खडक, आणि त्यांवर पोवळ्याची झाडं. कुठे लाल, कुठे पिवळी, कुठे गोवरीसारखी चपटी. त्या खडपातल्या एका गुहेत हा राहायचा. अंग आपल्या पाण्याच्या पिंपाएवढं. आणि तोंड विचारू नका. मी चाळीस वर्षं मासळी बाजारात बसले. साध्या गोब्र्याच्या तोंडात माझी मूठ सहज जाते. याच्या तोंडात बाबल्या अख्खा मावला असता. त्याला राजा कोणी केला म्हणाल, तर कोणीच नाही. सगळ्यांत मोठं तोंड त्याचं, म्हणून तो स्वतःच राजा झाला. बळी तो कान पिळी, दुसरं काय.

आणि त्याच खडपावर राहायच्या रेघुल्या. रेघुली केवढी, तर माझ्या करंगळीएवढी. निळसर अंग, आणि नाकापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ, काजळाचं बोट ओढल्यासारखी. जीव एवढासा, पण काम मोठं. माशांनाही उवा होतात, बरं का. किशे, तुझ्या डोक्यात झाल्या होत्या ना, तशा. कल्ल्यात होतात, खवल्याखाली होतात, दातांच्या फटीत घाण अडकते. आणि माशाला हात कुठे आहेत खाजवायला? मग तो यायचा रेघुल्यांच्या ओट्यावर. एक सपाट पोवळं होतं, त्यालाच सगळे ओटा म्हणायचे. तिथे रेघुल्या त्याच्या अंगावरच्या उवा वेचून खायच्या. त्यांचं पोट भरायचं, याचं अंग हलकं व्हायचं.

त्या ओट्याची रीत होती. ओट्यावर कोणी कोणाला खायचं नाही. तांबोशी असो, पाकट असो, रांगेत सगळे सारखे. रेघुली समोर येऊन शेपूट नाचवायची, म्हणजे ‘ये, तुझी पाळी.’ मग माशाने तोंड उघडायचं आणि ती सरळ आत जायची, दातांच्या मधून. आणि सगळ्यांत मोठी रीत ही, की तोंड मिटायच्या आधी माशाने खूण द्यायची. तोंड अर्धंच मिटायचं, अंग एकदा थरथरवायचं, की आतली समजायची आणि बाहेर यायची. मग तोंड मिटा नाहीतर जांभई द्या. ही खूण आजवर कोणी चुकवली नव्हती. त्या खुणेच्या भरवशावर करंगळीएवढा जीव वाघाच्यासारख्या दातांत जायचा.

त्या ओट्याचा कर्ता होता सखोबा. आणि त्याच्या पाच बायका. त्यांच्यात तशी पद्धतच असते, हसू नका. पाचांत थोरली होती आवडी.

मग एकदा काय झालं. गोब्रा राजा आला ओट्यावर. रांग मोडून पुढे घुसला, पण कोणी बोललं नाही. सखोबा नाचला, आत गेला, उवा वेचायला लागला. तेवढ्यात समोरून बांगड्यांचा थवा गेला. चांदीसारखा चकचकीत. गोब्र्याला सुटलं पाणी. आणि त्याने तोंड मिटलं. खूण नाही, काही नाही. खट्‌कन मिटलं.

सखोबा गेला.

 आवडी पुढे आली नि म्हणाली, "राजेसाहेब, खूण राहिली."

राजा म्हणाला, "राजाचं तोंड आहे. राजाला वाटेल तेव्हा मिटेल. आणि आता तुमच्या घरात कर्ता उरला नाही. तेव्हा हा ओटा बंद. उद्यापासून तुम्ही पाचही जणी माझ्या गुहेत राहायचं आणि फक्त माझ्याच उवा वेचायच्या."

बघा म्हणजे. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, पण याला तर वैद्य मारून वर वैद्याचं घरही हवं होतं.

आवडी म्हणाली, "कर्ता कसा नाही? मी आहे की."

राजा हसला. पण ती खरंच सांगत होती, बरं का. रेघुल्यांना देवाने तसंच घडवलंय. कर्ता गेला की थोरली बायको त्याच्या जागी उभी राहते. आणि नुसती उभी राहत नाही, हळूहळू तिचं अंगच बदलतं आणि ती बापई होते, म्हणजे नर. खोटं नाही सांगत. आवडीचंही तसंच झालं. अंग भरलं, चाल बदलली. पण नाव तिने आवडीच ठेवलं. म्हणाली, "आईने ठेवलेलं नाव आहे, ते का बदलू?" म्हणून मीही तिला ‘ती’च म्हणणार. कोणाला पटो न पटो.

मग तिने रांगेतल्या सगळ्यांसमोर सांगितलं, "ओटा बंद होणार नाही. गुहेत आम्ही जाणार नाही. आणि जो खूण देत नाही, त्याच्या तोंडात आमच्यातली एकही जाणार नाही. राजाला उवा काढून घ्यायच्या असतील तर त्याने इथे यावं, रांगेत राहावं आणि सगळ्यांदेखत खूण द्यावी." एवढं बोलली आणि लागली पाकटाची पाठ साफ करायला.

राजाला आला राग. पण आधी त्याने गोडीने घेतलं. वामेला पाठवलं. वाम म्हणजे सापासारखी लांब, फटीतून डोकं काढून बसते ती. वाम आली, गोड गोड बोलली. "आवडीबाई, गुहेत लाटांचा धक्का नाही, शत्रूची भीती नाही. पाचही जणी आरामात राहाल." आवडी म्हणाली, "आराम सखोबालाही मिळालाच की. कायमचा."  आली तशी गेली.

मग राजाने केंडाला पाठवलं. केंड मासा ठाऊक आहे ना, पोट फुगवून काट्यांचा चेंडू होतो तो. त्याला सांगितलं, जाऊन ओट्यावर बैस आणि फूग. कोणाला जवळ येऊ देऊ नकोस. केंड गेला, फुगला, ओटाभर झाला. रांग मागे सरकली. पण राजाचा माणूस म्हणून केंड कित्येक दिवस ओट्याकडे फिरकला नव्हता. काट्यांच्या मुळाशी उवाच उवा. आवडीने ते पाहिलं. ती शांतपणे त्याच्यासमोर नाचली आणि एकेका काट्याच्या बुडाशी टिपायला लागली. मग चौघी जणीही लागल्या. केंडाला आधी गुदगुल्या झाल्या. मग बरं वाटलं. मग इतकं बरं वाटलं, की फुस्स करून त्याची सगळी हवा गेली. उतरलेल्या तोंडाने म्हणाला, "बाई, राहिलेल्या उवांसाठी उद्या आलो तर चालेल?" आवडी म्हणाली, "चालेल. रांगेत ये."

इकडे राजाचे हाल. कल्ल्यात उवा, जिभेखाली उवा, दात सुजले. झोप नाही, घास गोड लागेना. पण हट्ट जाईल तर तो राजा कसला? म्हणाला, "एक आवडी नाही तर दुसरी. काळी रेघ असली म्हणजे झालं." आणि त्याने एक नवी रेघुली आणवली. तेच निळं अंग, तीच काळी रेघ, तसाच नाच. राजा खूश झाला, आ वासून बसला.

पण ती रेघुली नव्हतीच. खडपावर एक लबाड मासा असतो. दिसतो हुबेहूब रेघुलीसारखा, नाचतोही तसाच. आणि जवळ आला की उवा सोडून मांसाचाच लचका तोडतो आणि पळतो. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. त्याने राजाचा खालचा ओठ धरला, चांगला तुकडा तोडला आणि गेला पसार. राजाने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. साऱ्या खडपाला त्याची बोंब ऐकू गेली.

आता मात्र राजा स्वतः निघाला. चांगलं उजाडलं होतं, वरून उन्हाचे पट्टे खाली उतरत होते. रांग लागली होती. पुढे तांबोशी, मग पोपटमासा, मग पाकट, मग केंड, आणखी कितीतरी. राजा सुजलेलं तोंड घेऊन आला आणि गरजला, "बाजूला व्हा. नाहीतर एकेकाला गिळीन."

तांबोशीची शेपूट कापत होती. पण ती हलली नाही. म्हणाली, "माझी पाळी आहे." पोपटमासा म्हणाला, "तिच्यानंतर माझी." पाकट म्हणालं, "मग मी." आणि केंड, कालपर्यंत राजाचा माणूस, तो म्हणाला, "राजेसाहेब, रांग माझ्या मागे आहे."

राजाने सगळ्यांकडे पाहिलं. एक मासा गिळता आला असता. पण दहा जण हलत नाहीत म्हटल्यावर करणार काय? आणि जबडा तर असा ठणकत होता, की गिळणं सोडा, बोलणंही जड जात होतं. मग तो गेला मागे. सगळ्यांच्या मागे. भरती सरली, ओहोटी लागली, तरी तिथेच उभा.

शेवटी आली त्याची पाळी. तोवर त्याच्या मागेही रांग लागली होती, आणि पाळी झालेलेही थांबून बघत होते.

आवडी समोर आली. राजाने तोंड उघडलं. तेच तोंड. याच तोंडात सखोबा गेला होता. धाकटी म्हणाली, "नको गो जाऊ, आवडी. तो बदलला नाही, त्याचे दात दुखतायत इतकंच."

काय रे बाबल्या? भीती वाटली का तिला? वाटली तर. खूप वाटली. भीती वाटत नाही तो धीट नव्हे, त्याला समजलेलंच नसतं काही.

आवडी म्हणाली, "मी जाणार. मी गेले नाही तर ओटा फक्त सोप्या माशांचा राहील. रीत सगळ्यांची आहे, याचीही."

मग त्या चौघी जणी राजाच्या डोळ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. धाकटी म्हणाली, "ऐका, राजेसाहेब. ही आत गेली आणि बाहेर आली नाही, तर आम्ही हे खडप सोडून जाऊ. मग तुम्ही आणि तुमच्या उवा." हे ऐकल्यावर सगळी रांग वळली आणि राजाकडे बघायला लागली. नुसते बघत राहिले.

आवडी नाचली. अगदी रीतीप्रमाणे, कमी नाही, जास्त नाही. आणि आत गेली.

आत तिने सगळं केलं. कल्ले साफ केले, दातांच्या फटी साफ केल्या, फाटलेल्या ओठाची घाणसुद्धा काढली. कामात कुचराई केली नाही. सखोबाची आठवण आली तेव्हा रडलीही असेल. पाण्यात कोणाला कळतं?

राजाचं तोंड दुखायला लागलं. त्याने तोंड अर्धं मिटलं, अंग थरथरवलं. खूण दिली.

आवडी बाहेर आली नाही.

बाहेर रांग पुढे सरकली. राजाही गांगरला. तोंड मिटावं तर सगळं खडप बघतंय. त्याने पुन्हा तोंड उघडलं, थांबला, आणि पुन्हा खूण दिली.

आवडी नाही आली.

राजाच्या जबड्यातून कळा येत होत्या. पण त्याने तोंड मिटलं नाही. कोणीतरी आत आहे म्हणून तोंड उघडं ठेवायचं, हे त्याने जन्मात पहिल्यांदा केलं. मग त्याने तिसरी खूण दिली. हळू, नीट, थरथर शेपटीपर्यंत पोचवून.

तेव्हा आवडी बाहेर आली. त्याच्या डोळ्यांसमोर येऊन थांबली नि म्हणाली, "पहिली खूण सखोबाची. त्या दिवशी राहिली होती ती. दुसरी या ओट्याची. आणि तिसरी माझी." मग मागे वळून म्हणाली, "चला, पुढचा कोण?"

राजा वळला. मान खाली घालून गेला. आणि पुढल्या खेपेला आला, तो आपण होऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्याच्यापुढे एक बोटभर पिल्लू होतं, तेही त्याला म्हणालं, "ढकलू नका हं." आणि त्याने ढकललं नाही.

तेव्हापासून ओटा कधी बंद झाला नाही. आवडी आणि त्या चौघी सुखाने राहिल्या. तांबोशी राहिली, पाकट राहिलं, केंड तर रोजच यायला लागला. आणि गोब्र्याला राजा म्हणायचं सगळ्यांनी सोडून दिलं. नुसतं गोब्रा म्हणतात. तो ‘ओ’ देतो.

आता पोपटमासा स्वतःभोवती लाळेचं पातळ पांघरूण विणून त्यात शिरला असेल. रेघुल्या आपापल्या फटीत गेल्या असतील. तुम्हीही मिटा डोळे. आणि किशे, उद्या नळावर ती थोराड पोरगी रांग मोडून पुढे घुसली ना, तर कळशी खाली ठेव, हलू नकोस, आणि सांग तिला, माझी पाळी आहे.

झोपा आता.