नोकरी घालवणारं सॉफ्टवेअर

हरणगावच्या सार्वजनिक वाचनालयात रेवती तांबटवर भलतंच काम येऊन पडलं होतं. स्वतःची नोकरी घालवणारं सॉफ्टवेअर तिला स्वतःच निवडायचं होतं!

संस्थान केव्हाच खालसा झालं, तरी वाचनालयाचे अध्यक्ष अजून राजेसाहेबच होते आणि त्यांचा हट्टही राजेशाहीच होता. शेजारच्या गावचं वाचनालय फेसबुक-इन्स्टाग्रामवर रोज झळकायचं. हरणगावच्या पोस्ट बघायचे शिपाई आणि त्याची बायको. त्या पोस्टही रेवतीच टाकायची, पुस्तकांची देवघेव सांभाळून जमेल तशा.

"सगळीकडे एका फटक्यात पोस्ट जाईल आणि तुझी गरजच उरणार नाही, असं सॉफ्टवेअर निवड," राजेसाहेबांनी फर्मावलं. "ते जमलं नाही, तर तुला काम येत नाही असं समजून घरी पाठवीन."

म्हणजे निवडलं तरी घरी, नाही निवडलं तरी घरी. वाचनालयातल्या पुस्तकांवर रेवतीचा फार जीव होता. पण चेहरा तिने पडू दिला नाही. "जशी आज्ञा," म्हणाली आणि तीन कंपन्यांच्या विक्रेत्यांना वाचनालयात बोलावून घेतलं. राजेसाहेबही मिशी पिळत येऊन बसले.

"वाचनालय काढणाऱ्या थोरल्या महाराजांची उद्या पुण्यतिथी," रेवती म्हणाली. "सायंकाळी पाचला तसबिरीला हार. एवढी माहिती भरा आणि चाचणी म्हणून पोस्ट फक्त राजेसाहेबांच्या फोनवर पाठवा."

पहिल्याने बटण दाबलं. राजेसाहेबांच्या फोनवर रंगीत फुगे उडाले. 'थोरल्या महाराजांना हार्दिक शुभेच्छा! हा दिवस वारंवार येवो!'

"वडील आमचे एकदाच गेले," राजेसाहेब गुरगुरले.

दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरने तर कमालच केली. 'उद्या पाच वाजता वाचकांच्या भेटीला खुद्द थोरले महाराज. जागा मर्यादित.'

"आले, तर आधी तुलाच भेटतील," राजेसाहेब त्या विक्रेत्याला म्हणाले. बिचाऱ्याने लॅपटॉप मिटला.

तिसऱ्याने मजकूर तयार केला, पण पुढे सरकेना. फोनवर नुसतं आलं, 'पाठवू का?'

"हे अडलं," राजेसाहेब म्हणाले.

"अडलं नाही, विचारतंय," रेवती म्हणाली. "हेच घ्या."

"म्हणजे उत्तर द्यायला तू हवीसच. बांध सामान."

"छे, छे, मी कशाला? तुमची अट मोडेल ना! विचारायला मी तुमचाच नंबर घातलाय. आठवड्याच्या पोस्टही भरून ठेवल्यात."

तेवढ्यात राजेसाहेबांचा फोन किणकिणला. 'मुलांचा गोष्टींचा तास. पाठवू का?' पुन्हा किणकिणला. 'नव्या कादंबऱ्या आल्या. पाठवू का?' लगेच तिसऱ्यांदा. 'एक वाचक विचारतात, रविवारी उघडं असतं का? काय सांगू?'

राजेसाहेबांच्या कपाळावर घाम आला. "दुपारी मी झोपतो, हे त्याला माहीत आहे?"

"ते झोपत नाही, राजेसाहेब."

तिचा डाव राजेसाहेबांच्या ध्यानात आला आणि ते असे हसले, की पोट धरून खुर्चीत मागे कलले.

"पोरी, आधी तो नंबर काढ आणि तुझा घाल."

"पण तुमची अट?"

"अट गेली खड्ड्यात. आजपासून तू कायम, पगारवाढीसकट."

"एवढं जरा लेखी द्याल?" रेवतीने पेन पुढे केलं.

राजेसाहेब पुन्हा खदखदून हसले आणि तिसऱ्या विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरच त्यांनी सही ठोकली.