पडद्याआडचा रांजण

एका राज्यात राजा नव्हता. राजाला पिटाळून प्रजेनेच लाल मंडळ गादीवर बसवले होते. मंडळाचा प्रमुख अग्निवर्ण हा महामांत्रिक. ठरल्या वर्षी तो मोठ्या थाटात निवडणूक घेई. दारात प्रत्येकाला एक खडा मिळे. जवळच्या सोन्याच्या रांजणात टाकला की मंडळाला होकार. दालनाच्या पार टोकाला, पडद्याआड, काळ्या रांजणात टाकला की नकार. तिकडे जायची कोणाची छाती नव्हती. होकार मात्र दरवेळी झाडून साऱ्यांचा!

मागच्या खेपेला वेणुधर विणकराने नुसते विचारले, "पडद्याआड आहे तरी काय?" तत्क्षणी त्याचा पोपट झाला. तेव्हापासून तो मंडळाच्या बागेत "होय, होय" म्हणत बसे. त्या बागेत असे पोपट थोडेथोडके नव्हते.

निवडणुकीच्या सकाळी त्याची बायको सुवेला तिथे रडत असता एक साळुंकी म्हणाली, "बाई, आज सूर्य मावळायच्या आत काळ्या रांजणात एक खडा पडला, तर शाप फिटेल. नाहीतर तो आपले माणूसपण कायमचे विसरेल. मात्र मागे वळून पाहू नकोस."

सुवेला खडा घेऊन निघाली. सोन्याचा रांजण ओलांडताच वाटेवर पहाऱ्याला बसवलेला एक दगडी सिंह उठला.

"कुठे?"

"पडद्याआड."

असे उत्तर त्याने कधी ऐकलेच नव्हते. तो गोंधळून बाजूला झाला. मग जमीन लांबू लागली. पडदा जवळ येईना, साऱ्या दालनाचे डोळे पाठीला टोचू लागले. ती चालत राहिली. शेवटी पडदाच बोलला, तोही वेणुधराच्या आवाजात: "सुवेला, मागे फीर गं. माझं बरं चाललंय इथे."

तिचा जीव गलबलला. "ते घरी येऊन सांगा," ती म्हणाली आणि तिने पडदा सारला.

आत राक्षस नव्हता. कोळिष्टकांनी भरलेला एक रांजण होता, बस्स! इतकी वर्षे सारे राज्य याला भ्याले होते. तिने खडा टाकला. त्याचा नाद डोंगरापर्यंत गेला, अग्निवर्ण धूर होऊन छपरातून निघून गेला, आणि बागेतून माणसे चालत आली. अहाहा, किती ती माणसे!

पुढल्या निवडणुकीला दोन उमेदवार उभे राहिले. दोघांचे रांजण पडद्याआड शेजारी शेजारी मांडले. वेणुधर आत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"कोणाच्या रांजणात टाकलात?" सुवेलेने विचारले.

"ते नाही सांगायचो," तो म्हणाला.

सुवेलेला इतका आनंद झाला की तिथेच, भर रांगेत, तिला रडू फुटले.