लोहाराने मागितलेली चूक

एका गावात एक लोहार होता. गाव दगडमातीचं नव्हतं. कॉम्प्युटरवर पोरं राक्षस मारायचे खेळ खेळतात ना, तसल्या एका खेळातलं होतं. पण लोहाराला त्याचं काय? त्याच्या लेखी तेवढंच जग.

त्याची भट्टी मंतरलेली. लोखंड टाकायचं, लाकूड टाकायचं, एक टोला हाणायचा, की सुरी टणकन बाहेर. सगळ्या सुऱ्या एकसारख्या. आणि तिथला रिवाज असा, की जो जास्त सुऱ्या पाडेल तो मोठा लोहार. म्हणून हा दिवसभर सुऱ्या पाडायचा आणि घेणारं कोणी नाही म्हणून विहिरीत फेकायचा. विहीर सुऱ्यांनी गच्च भरली. बायकांनी पोहरा सोडला की नुसता खणखणाट व्हायचा, पाणी नाहीच. बायका शिव्या घालायच्या, तरी याची छाती फुगलेली.

लढणारे त्याच्या दाराकडे ढुंकूनही बघत नसत. राक्षस मारला की त्याच्या पोटातून याच्याहून चांगली तलवार निघायची. मग लोहार हवा कशाला?

एक दिवस खेळाचा मालक आला. त्याने विहिरीत डोकावून पाहिलं, रिकामं दुकान पाहिलं आणि सांगून टाकलं, की ही भट्टी आता विझवतो. लोहार भट्टीच्या आडवा उभा राहिला. भट्टी गेली तर करायचं काय? त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

मालक तसा दयाळू. म्हणाला, जत्रेपर्यंत थांबतो. एक जरी गिऱ्हाईक तुझ्या दारी दुसऱ्यांदा आलं, तर भट्टी राहील. वर भट्टीत एक सुधारणाही करून देतो. एका टोल्यात शंभर सुऱ्या पडतील अशी करू?

लोहार हो म्हणणारच होता. पण कधीपासून त्याच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. लोखंड जरा जास्त वेळ आत ठेवलं तर काय होईल? त्याने कितीदा ठेवून पाहिलं होतं. सुरी तीच यायची.

"मालक," तो म्हणाला, "माझ्या हातून चूक होऊ द्या."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बाकीचे सोपं करून मागतात."

"आताच सोपं आहे की सगळं. माझा हात लागला काय आणि तुमचा लागला काय, सुरी तीच."

मालकाने डोकं खाजवलं. आता त्यालाही बघायचं होतं, पुढे काय होतं ते. त्याने भट्टीचा मंत्र काढून घेतला.

पहिल्या सुरीचा गोळा झाला. दुसरी मोडली. लोहार विहिरीतल्या जुन्या सुऱ्या उपसून वितळवत बसला. कधी पातं तेलात बुडवून बघ, कधी चिखलात. काळा झाला, पण डोळे चमकत होते.

ती ठोकाठोक ऐकून एक डावखुरी लढवय्यी आत आली. लोहाराने तिला विचारलं, कुठल्या हाताने मारतेस, कशाशी लढतेस? हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग त्याने तिच्या डाव्या हाताला बसेल अशी वाकड्या मुठीची तलवार केली.

"लोहारदादा, ही तलवार आहे की विळा?" ती म्हणाली. हसत हसत घेऊन गेली.

जत्रेचा दिवस आला. मालक पाण्याची घागर घेऊन भट्टीशी बसला. ऊन कलायला लागलं तेव्हा ती डावखुरी आली आणि तलवारीचे दोन तुकडे तिने ऐरणीवर टाकले.

"तुटली," ती म्हणाली.

लोहाराची मान खाली गेली. मालकाने घागर उचलली.

"राक्षस मेला, मग तुटली. त्याच्या पोटातून सोन्याच्या मुठीची निघाली होती, ती तिथेच टाकून आले. तिला काय ठाऊक माझा हात डावा आहे ते? हीच पुन्हा करून दे. आणि या खेपेला पातं जाड ठेव."

मालकाने घागर खाली ठेवली. आणि हळूच विचारलं, "जाड ठेवलं की काय होतं रे?"

"ठाऊक नाही," लोहार म्हणाला. "भाता ओढा, बघू."

बाहेर विहिरीत पोहरा पडला. या वेळी आवाज पाण्याचा आला.

तात्पर्य एवढंच: नुसता ढीग पाडून कोणी कारागीर होत नाही. ज्या कामात चुकायला जागा नाही, त्यात शिकायलाही काही नसतं.