सांजणीत सायकलवरून उतरणारी माणसं

“…पण ती माझ्यासाठीच का उतरतात, बुवा?”

कोंडाजीबुवांनी मान वर केली नाही. ते पंक्चर काढत होते. सांजणीत त्यांना सिद्धपुरुष मानतात. तरी सायकल दुरुस्तीचं दुकान त्यांनी काही सोडलं नाही. प्रश्न घेऊन येणाऱ्याला ते आधी ट्यूब धरायला लावतात. निम्मे लोक तेवढ्यानेच पळतात.

आज ट्यूब धरून सुधन्वा गुप्ते बसले होते. पळणाऱ्यांतले ते नव्हते.

गुप्ते रस्त्यांचे इंजिनिअर. मोठ्या शहरात दोन उड्डाणपूल बांधलेले, आणि ही गोष्ट ते ओळख झाल्यावर दुसऱ्याच वाक्यात सांगत. चार दिवसांच्या सहलीला म्हणून ते सांजणीला आले आणि पार वेडे झाले. इथे मोटारी वेशीबाहेर ठेवाव्या लागतात. आत चालायचं, नाहीतर सायकल मारायची. हॉर्न नाही, धूर नाही, सायकलीला कुलूपसुद्धा नाही. घाटावरून बाजार, बाजारातून देऊळ, देवळामागे खानावळ, सगळं पाच-दहा मिनिटांवर. पन्नाशीला टेकलेला माणूस प्रेमात पडला तर लोक हसतात. गुप्ते एका शहराच्या प्रेमात पडले होते, त्यामुळे हसायला कुणी नव्हतं.

आल्यापासून ते बुवांना हेच ऐकवत होते. आपण स्वतः आखलेला रस्ता ओलांडायला आपल्याला वीस-वीस मिनिटं खोळंबावं लागतं, आणि इथे आपण नुसतं चालत निघालो की समोरचा सायकलवाला खाली उतरतो, चपलेतून पाय बाहेर काढतो आणि मान खाली घालून उभा राहतो. पायी चालणाऱ्याला एवढा मान त्यांनी कुठल्याच देशात पाहिला नव्हता. त्यावर त्यांनी एक लेखही लिहायला घेतला होता.

फक्त एक गोष्ट अडत होती. चालणारे इतरही होते. त्यांच्यासाठी कुणी उतरत नव्हतं.

बुवांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबली. एकही बुडबुडा आला नाही.

“पहिल्या दिवसापासून उतरतात?”

गुप्ते आठवू लागले. नाही, पहिल्या दिवसापासून नाही. सुरुवातीला सायकलवाले खुशाल घंटी वाजवून त्यांना बाजूला करत. खानावळीच्या भागीरथीबाई तर रोज चिडवायच्या, साहेब, चालून चालून पोट गेलं की घरचे ओळखायचे नाहीत. आता त्या बोलत नाहीत. पायरीवर पान मांडतात, दहीभात ठेवतात आणि आत निघून जातात. बाईंना आपली आवड कळली, असं गुप्त्यांना वाटलं होतं.

“आता बोलतं का कुणी तुझ्याशी?”

“तुम्ही बोलताय की.”

बुवांनी ट्यूब पाण्यात थोडी पुढे सरकवली.

रस्त्यावरून एक सायकल गेली. दुकानाशी आल्यावर तिच्या साखळीची टिकटिक थांबली, थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, मग पलीकडे टिकटिक पुन्हा सुरू झाली. गुप्त्यांची पाठ रस्त्याकडे होती. त्यांना वळून पाहावंसं वाटलं नाही.

“घरी कोण असतं?” बुवांनी विचारलं.

बायको, मृदुला. मुलगी, ऋजुता, आठवीत. हे सांगताना गुप्त्यांचा आवाज उतरला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते घाटावर बसले होते. परत निघायचं होतं. बॅग भरलेली होती. समोरून चार बायका गप्पा मारत सायकली हातात धरून चालल्या होत्या आणि गुप्त्यांच्या मनात आलं, आपण का जायचं? कशासाठी? त्यांनी मृदुलाला निरोप पाठवला. तिचे लागोपाठ अकरा फोन आले. बारावा वाजण्याआधी त्यांनी फोन बंद करून बॅगेत तळाशी टाकला. तेव्हा त्यांना फार हलकं वाटलं होतं.

“निरोप काय होता?”

“माझी वाट पाहू नका. मी येणार नाही.”

“आणि लोक कधीपासून उतरायला लागले?”

घाटावरून खोलीवर परतताना पहिला माणूस उतरला होता. दूधवाला होता. त्याच संध्याकाळी.

“पण निरोप फक्त तिला गेला होता,” ते म्हणाले. “इथल्या लोकांना कसं कळणार?”

बुवांनी ट्यूब त्यांच्या हातातून काढून घेतली आणि भिंतीशी टेकवलेल्या सायकलच्या चाकात बसवली.

तेवढ्यात वरच्या आळीतून माणसं आली. गावातले म्हातारे शिंपी पहाटे गेले होते. त्यांना नदीकडे नेत होते. पुढे मडकं धरलेला मुलगा, मागे चौघांच्या खांद्यावर तिरडी. रस्त्यावरचे सायकलवाले एकेक करून उतरले. चपलेतून पाय बाहेर काढले. माना खाली घातल्या.

गुप्ते पाहत राहिले.

कुणी शिकवल्यासारखं सगळं तेच होतं. तोच हात सीटवर, तेच अनवाणी पाय, तीच जमिनीला लागलेली नजर.

तिरडी वळणापलीकडे गेली. लोकांनी चपला घातल्या, पायडलवर पाय ठेवले. मग त्यांचं लक्ष दुकानाकडे गेलं, तिथे उभ्या असलेल्या गुप्त्यांकडे. आणि सगळ्यांनी पाय पुन्हा चपलांतून बाहेर काढले.

गुप्त्यांनी मृदुलाचा चेहरा आठवून पाहिला. आठवेना. ऋजुता हाक कशी मारते तेही आठवेना, आणि आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती त्यांना वाटली. ते खाली बसले. दोन्ही हातांनी त्यांनी बुवांचं मनगट धरलं.

“बुवा, मी जिवंत आहे. हात लावून बघा.”

बुवांनी ओला हात धोतराला पुसला आणि त्यांच्या कपाळावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

“ऊब आहे अजून,” ते म्हणाले. “निरोप धाडून किती दिवस झाले?”

गुप्त्यांनी बोटं मोजली. एकदा मोजून पटेना म्हणून पुन्हा मोजली.

“आज… आज दहावा, बुवा.”

बुवा दाराशी गेले. सूर्य किती वर आलाय ते त्यांनी पाहिलं. मग दुरुस्त झालेली सायकल भिंतीपासून ओढून त्यांनी वेशीच्या दिशेला तोंड करून उभी केली.

“नीघ लवकर,” बुवा म्हणाले. “कावळा अजून शिवलेला नाही.”