अर्धे वाक्य

एकदा एका दोरखंडाच्या व्यापाऱ्याला इंग्रजी शिकायचे होते, आणि तेही नऊ दिवसांत. वय शहात्तर, शाळा सातवीपर्यंत. दुकानात सुतळी, काथ्या, नाडे, दोरखंड यांचे ढीग आणि त्या ढिगांच्या मधोमध हा बोलका गृहस्थ. गिऱ्हाईक दोर हातात घेते न घेते तोच हा त्या दोराची सात पिढ्यांची कुळकथा सांगून मोकळा होई.

त्याच गावात एक वृद्ध शिक्षक इंग्रजीचा वर्ग चालवीत. सगळे गाव त्यांना मास्तर म्हणे. वर्गात परदेशी निघालेल्या परिचारिका येत, ट्रकचालक येत, मुलाखतीच्या भीतीने अर्धमेले झालेले पदवीधरही येत. मास्तरांचा एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, व्याकरणात पक्का, आणि आपण पक्के आहोत याची जाणीव त्याहूनही पक्की. मास्तर थकले की वर्ग तोच घेई.

व्यापारी आला आणि न बसताच म्हणाला, "मास्तर, परदेशातनं नात यायची आहे. शलाका. सात वर्षांची आहे. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही. मागल्या खेपेला फार वाईट झालं."

झाले होते ते असे. दोन वर्षांपूर्वी नात येणार म्हणून याने एक पुस्तक आणून वाक्ये पाठ केली. विमानतळावर मुलगी समोर येताच याने विचारले, "व्हॉट इज युवर नेम?" मुलीने नाव सांगितले. याला हुरूप आला. पुस्तकातले पुढचे वाक्य तयारच होते. "व्हॉट इज युवर फादर्स नेम?" तिचा बाप, म्हणजे याचाच मुलगा, शेजारी बॅगा घेऊन उभा! मुलीचा चेहरा रडवेला झाला. तिने आईचा पदर धरून विचारले, की आजोबा बाबांना ओळखत नाहीत का? त्यानंतर तीन आठवडे ती त्याच्या जवळ फिरकली नाही.

ही गोष्ट मी ऐकली तेव्हा मला हसू आवरले नव्हते. आपण सारे याच दोन वाक्यांवर इंग्रजी शिकलो आहोत. पण व्यापारी ती सांगत होता तेव्हा त्याचा आवाज कापत होता. "पुढल्या खेपेला मी अठ्ठ्याहत्तरचा असेन, मास्तर. असेन की नाही, कोण जाणे. या खेपेला पोर माझ्याजवळ बसली पाहिजे. बाकी सगळं इंग्रजी गेलं खड्ड्यात."

मास्तर म्हणाले, "शेठ, तुम्हाला मी एकच शब्द देतो. लेट्स. म्हणजे चला, आपण दोघं मिळून करूया. म्हणा."

"लेट्स."

"आता हातात एखादी वस्तू धरा, पोरीकडे बघा आणि गप्प बसा."

"आणि पुढं?"

"पुढं काही नाही. गप्प बसायचं."

शिष्याला हे अगदीच विपरीत वाटले. लेट्सच्या मागे क्रियापद लागते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इंग्रजीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसे हेच बोलतात. जेवायला निघाली की लेट्स ईट, बाहेर पडली की लेट्स गो, काही ठरत नसले की लेट्स सी. त्याने रातोरात अशी चाळीस वाक्ये सुवाच्य अक्षरात लिहिली, शेजारी मराठी अर्थ दिला आणि कागद मास्तरांपुढे ठेवला.

मास्तरांनी तो लक्षपूर्वक वाचला. "सुंदर आहे. एकही चूक नाही. हा शेठना देऊ नकोस."

नऊ दिवस तालीम चालली ती बोलण्याची नव्हे, तर गप्प बसण्याची. व्यापाऱ्याला तेच जमेना. "लेट्स" म्हटल्यावर दुसऱ्याच क्षणी त्याच्या तोंडून काहीतरी निसटे. कधी "काय मास्तर, बरोबर ना?" तर कधी नुसतेच "हं, हं". मास्तर शांतपणे हात वर करीत आणि पुन्हा पहिल्यापासून. सहाव्या दिवशी तो चिडलाच. "अहो, उभा जन्म बोलून दुकान चालवलं मी. गिऱ्हाइकापुढं गप्प बसलो असतो तर उपाशी मेलो असतो!"

"नात गिऱ्हाईक नाही, शेठ," मास्तर म्हणाले. त्यानंतर तो पुन्हा चिडला नाही.

नात आली. मास्तरांनी आठवडाभर तिकडे पाऊलही टाकले नाही. शिष्य मात्र अस्वस्थ होता. एका म्हाताऱ्याची अखेरची संधी आपल्या गुरूंनी एका शब्दावर उधळली, असे त्याला मनापासून वाटत होते, आणि त्याला त्या म्हाताऱ्याची खरोखर कीव येत होती. आठव्या दिवशी सकाळी त्याने विषय काढताच मास्तरांनी काठी घेतली आणि दोघे बाजारात निघाले.

दुकानात गिऱ्हाईक नव्हते. व्यापारी गादी सोडून खाली फरशीवर बसला होता आणि समोर काथ्याच्या वेटोळ्यावर ती मुलगी. मास्तर आणि शिष्य दाराबाहेरच थांबले.

व्यापाऱ्याने दोराची दोन टोके हातात धरली. "लेट्स..." तो म्हणाला आणि थांबला. खरोखर थांबला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे तिच्यावर.

मुलीने दोराकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले. "टाय!" ती म्हणाली.

"लेट्स टाय," तो म्हणाला, आणि दोघांनी मिळून गाठ मारली. मग उभे राहून तोच दोर त्याने वरच्या तुळईकडे उंचावला. "लेट्स..."

"स्विंग! लेट्स स्विंग!" मुलगी वेटोळ्यावरून उडी मारून उठली आणि त्याच्या मानेला लोंबकळली. तुळईला झोका बांधला गेला तेव्हा आजोबांचे धोतर सुटायच्या बेतात होते, पण त्यांना त्याचे भान नव्हते.

शिष्य हळूच म्हणाला, "गुरुजी, माझ्या यादीत यातली दोन्ही वाक्यं नव्हती."

मास्तर म्हणाले, "असती तरी बिघडलंच असतं. पूर्ण वाक्य पाठ करून गेलेला माणूस ते बोलून मोकळा होतो. समोरच्यानं काय करायचं? फार तर उत्तर द्यायचं, नाहीतर पळून जायचं. मागल्या खेपेला ती पळाली. अरे, मोठी माणसं मुलांना आयुष्यभर शिकवत असतात. एखाद्या मोठ्याला आपल्या शब्दाची गरज आहे, हे कळलं की मूल त्याला सोडून जात नाही. म्हणून मी शेठना अर्धंच वाक्य दिलं. उरलेलं तिच्यासाठी ठेवलं."

शिष्याने मान खाली घातली. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती, आणि मास्तर परतण्यासाठी वळलेही होते. इतक्यात मुलगी झोक्यावरून उतरली. तिने एका जाड दोराचे टोक पुन्हा फरशीवर बसलेल्या आजोबांच्या हातात दिले, दुसरे स्वतः धरले, आणि ती म्हणाली, "लेट्स..."

आणि थांबली.

व्यापारी भांबावला. त्याने आठवू पाहिले, पण त्याच्याजवळ इंग्रजी शब्दच नव्हता. मुलीने घाई केली नाही. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि ती त्याच्याकडे एकटक पाहत होती. उभा जन्म बोलण्यात घालवलेल्या त्या माणसाला शब्द सापडेना आणि ती सात वर्षांची पोर त्याच्यासाठी थांबून राहिली.

शेवटी त्याने दोराला हलकासा हिसका दिला आणि तो म्हणाला, "ओढ."

"लेट्स ओढ!" मुलगी ओरडली आणि तिने सगळा जोर लावून दोर ओढला. आजोबा फरशीवर फरफटत पुढे आले. ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ती पुन्हा म्हणाली, "लेट्स..." आणि या वेळी त्याने एक मूठ उघडून दाखवत लगेच सांगितले, "सोड." तिने दोर सोडला.

शिष्याने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली होती आणि दोन्ही हात जोडले होते.

"गुरुजी, हेही तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही रे," मास्तर कुजबुजले. "चाळीस वर्षं शिकवतोय. आम्ही तिच्यासाठी जागा ठेवली, एवढंच मला माहीत होतं. ती उलट त्याच्यासाठी ठेवील, हे मी शिकवलं नव्हतं. कोणीच शिकवलं नव्हतं."

दोघे तिथून आवाज न करता निघाले.

ज्याच्याशी मनापासून बोलायचे आहे, त्याच्याकडे जाताना आपणही वाक्य थोडे अपुरेच न्यावे.