हत्ती एक, चोर सात!

कर्णसेन राजाचा हत्ती हरवला आणि तिसऱ्या दिवशी त्याचे सात चोर सापडले!

सातही जणांनी कोतवालापुढे कबुली दिली होती, आणि प्रत्येकानं हत्ती एकट्यानंच चोरला होता. एकानं तो घोंगडीखाली लपवून नेला होता, दुसऱ्यानं खांद्यावर टाकून. सातवा चोर होता भागोजी कासार. त्यानं हत्ती बांगड्यांच्या पेटीत दडवला होता म्हणे!

सातांचीही अर्धी डोकी भादरून, गाढवावर बसवून त्यांना उद्या हद्दपार करायचं ठरलं. ते ऐकून भागोजीची लेक भिवरा तडक दरबारात पोचली. तिची ठकूआत्याही पदर खोचून मागोमाग आली.

"महाराज, माझा बाप मांजर आडवी गेली तरी घरी परततो. तो हत्ती काय चोरणार!"

"मग त्यानं कबूल का केलं?" राजा म्हणाला. "आमच्या गर्जेराव कोतवालाच्या चावडीतून कबुली दिल्याशिवाय आजवर एकही माणूस बाहेर आलेला नाही!"

"कसा येईल महाराज? कबुली दिल्याशिवाय दारच उघडत नाहीत!"

दरबारात खसखस पिकली. राजा होता महाहट्टी. त्यानं मांडीवर थाप मारली. "मग तूच बस चौकशीला! घटिकापात्र बुडेपर्यंत कबुली दिली नाहीस, तर सातही जण मोकळे. दिलीस, तर आठवी तू!"

भिवरा दोन पावलं पुढे आली. "बसते. पण चौकशी इथं, सगळ्यांदेखत व्हायची. आत्या माझ्याशेजारी बसेल. आणि लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय मी अंगठा उठवणार नाही."

"कबूल!" राजा म्हणाला.

पाण्यावर घटिकापात्राची भोकाची वाटी तरंगू लागली. गर्जेरावानं मिशीला पीळ दिला. "बोल! हत्ती चोरलास तेव्हा बरोबर कोण होतं?"

'कोणी नाही' हे शब्द भिवराच्या अगदी ओठांवर आले होते. तिनं ते गिळले. कोणी नाही म्हणजे एकटीनं चोरला! बापानं इथंच मान अडकवली असणार.

"याला मी उत्तर देत नाही. पुढचा प्रश्न."

"गप्प बसतो तो गुन्हेगार!"

"सिंहासनही मघापासून गप्पच आहे, कोतवालसाहेब. घाला त्याला बेड्या!"

राजाला हसू फुटलं, पण त्यानं ते खोकल्यात लपवलं. गर्जेरावानं आवाजात मध कालवला आणि लाडू पुढे केला. "तू मला लेकीसारखी गं. नुसतं 'हो' म्हण आणि जा घरी."

भिवरानं लाडू खाल्ला. "बेसन जरा कच्चं राहिलंय. हे मात्र लिहून घ्या."

कारकून सदोबानं खरंच लिहून घेतलं!

"तुझ्या बापानं तुझंच नाव घेतलंय!" गर्जेराव ओरडला.

"कुठल्या कागदावर? दाखवा."

कोतवालानं कागद झटकन पाठीमागे नेला. पण ठकूआत्या तिथं आधीच पोचली होती. "अगो बाई! हा तर कोरा आहे!"

शेवटी सदोबानं एक कागद हळूच पुढे सरकवला. "काही नाही, नुसती हजेरी. अंगठा दे."

"वाचा."

सदोबा घुटमळला. राजानं डोळे वटारले तसा तो चाचरत वाचू लागला, "मी भिवरा... हत्ती चोरून... खाल्ला..."

तेवढ्यात वाटी बुडाली. बुडुक्! दरबार हसून लोळायला लागला. राजा मात्र फुरंगटला.

"ही पोरगी बेरकी आहे म्हणून टिकली! निर्दोष माणसाला बोलायची भीती कसली? आता आम्हालाच विचारा. बघू आमच्याकडून कशी कबुली निघते!"

"महाराज, मी... आपल्याला?"

"हुकूम आहे, गर्जेराव! कामात कसूर केलीत तर याद राखा!"

कोतवालानं घाम पुसला आणि सवयीनं तोंड उघडलं. "हत्ती चोरलात तेव्हा अंगावर काय होतं?"

"शाल होती. थंडी पडली होती ना—"

"शालीखाली लपवला! लिही, सदोबा!"

"अहो, लपवला कुठं? आम्ही झोपलो होतो!"

"झोपेत चोरला! लिही!"

"गाढवा!" राजा ताडकन उठला. "आम्ही कशाला चोरू? हत्ती आमचाच आहे!"

"हत्ती यांच्याकडेच आहे! लिही, लिही! झाली कबुली!" गर्जेराव आनंदानं टुणकन उडाला आणि हवेतच त्याला कळलं, आपण कोणाला पकडलंय! सदोबा मात्र मान खाली घालून लिहीत होता. त्यानं शाईची डबी राजापुढे धरली. "अंगठा."

राजा पांढराफटक पडला. "भिवरा! आता काय करू गं?"

"आधी तोंड मिटा, महाराज! आणि अंगठा मुठीत धरा!"

राजानं खरोखर ओठ घट्ट मिटले आणि अंगठा मुठीत लपवला. मग त्याचं पोट हललं, खांदे हलले आणि तो असा खदखदून हसला की मुकुट घरंगळत ठकूआत्याच्या मांडीवर गेला!

"सोडा त्या सातांना! आणि आम्हालाही सोडा! पण पोरी, हत्ती गेला कुठं?"

"हत्तीचं पाऊल परातीएवढं असतं, महाराज. त्या ठशांमागून कोणी गेलं होतं का?"

सगळ्यांनी गर्जेरावाकडे पाहिलं.

"कबुल्या लिहिण्यातून सवड कुठं मिळाली!" तो पुटपुटला.

"आता मिळाली! हत्ती सापडेपर्यंत तोंड दाखवू नका!" राजानं डोळे पुसले. "भिवरा, माग काय हवं ते. गाव? सोनं?"

"चावडीचं दार द्या, महाराज."

"दार?"

"हो. बिजागऱ्यांसकट उपटून द्या. आत कोणाला काय विचारतात, ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. आणि मला बांगड्या मांडायला लांबरुंद फळी हवीच होती!"

राजा पुन्हा पोट धरून हसला. त्यानं दाराबरोबर सोन्याचं कडंही दिलं. सुटलेले सहा 'चोर' ते भलंथोरलं सागवानी दार खांद्यावर घेऊन वाजतगाजत कासारआळीकडे निघाले. दारावर मांडी ठोकून सातवा चोर भागोजी बसला होता, आणि भेटेल त्याला ओरडून सांगत होता, "पेटीत हत्ती नाही रे! बांगड्याच आहेत!"