हिंदुरावाची दुसरी सिस्टीम

पंचगंगेच्या काठाला एक गाव होतं आणि त्या गावाच्या वाट्याला एक भोळा हिंदुराव आला होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरायचा नाही. विसरला असता तर घरच्यांवर उपकारच झाले असते.

त्याच्या घरी एक जुना कॉम्प्युटर होता. बटण दाबून म्हशीची धार काढून यावं, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. पण त्या कॉम्प्युटरात हिंदुरावाच्या सासऱ्यांचं, आप्पांचं भजन होतं. आप्पा आता नव्हते. त्यांचा आवाज जगात तेवढ्या एकाच जागी उरला होता. हिंदुरावाची बायको शालन दर गुरुवारी ते भजन लावायची आणि पदराने डोळे पुसायची.

शालनचा भाऊ दिनकर इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो एकदा आला आणि म्हणाला, "दाजी, ह्यात दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकूया. लिनक्स. हलकी असती, कॉम्प्युटर पळाय लागंल. जुनी पण राहू दे. चालू करताना कुठली पायजे ते इचारंल."

"एका डब्यात दोघी? भांडणार न्हाईत न्हवं?"

"न्हाई, दाजी."

शालनने मात्र बजावलं, "आधी आप्पांचा आवाज दुसरीकडं काढून ठेवा. तेवढं झालं, की मग तो डबा भंगारवाल्याला दिला तरी माझी ना न्हाई."

"बरं. ध्यानात ठेवतो," हिंदुराव म्हणाला.

दिनकर दोन पेनड्राइव्ह देऊन गेला. काळ्यात नवी सिस्टीम होती. लाल मोकळा होता, त्यात भजन उतरवून घ्यायचं होतं. हिंदुरावाने लाल लावला. भजन उतरायला लागलं. तेवढ्यात शालनने चहाला हाक मारली. हिंदुरावाने पेनड्राइव्ह उपटला, खिशात टाकला आणि चहाला गेला. भजन अर्धंच आलं.

दिनकर फोनवर कळवळला. "दाजी, कामाला लागलेल्याला मधेच वढायचं नसतंय! जितं हाय तितं राहू द्यायचं!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

हिंदुरावाने लाल पेनड्राइव्ह पुन्हा लावला. या वेळी भजन पुरतं उतरलं. त्याने ते ऐकूनही पाहिलं. पेनड्राइव्हला मात्र बोट लावलं नाही.

संध्याकाळी शालन म्हणाली, "रेडकू सोडा, मी बादली घेऊन आले." हिंदुरावाने रेडकू सोडलं. ते आचळाला लागलं. हिंदुराव हाताची घडी घालून कौतुकाने बघत राहिला. शालन आली तेव्हा कासेत थेंब नव्हता आणि रेडकाला ढेकर येत होती.

"अवो, वढलं का न्हाई त्याला?"

"कामाला लागलेल्याला मधेच वढायचं नसतंय."

"ही कुठली रीत? अर्ध्यावर आलं की थांबवायचं! अर्धं त्याचं, अर्धं आपलं."

"बरं. ध्यानात ठेवतो."

मला विचाराल तर अशा माणसाचा राग येत नाही. फक्त त्याच्या घरात दुभतं जनावर आणि कॉम्प्युटर एका वेळी ठेवू नये.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव काळा पेनड्राइव्ह लावून बसला. दिनकरने सांगितली तशी बटणं दाबली. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. ती बरोबर अर्ध्यावर आली. हिंदुराव उठला आणि त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं.

"अर्धं नवीचं, अर्धं जुनीचं," तो समाधानाने म्हणाला.

त्यानंतर ना नवी उठली, ना जुनी. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

हिंदुरावाने दिनकरला फोन लावला. दिनकरने आधी विचारलं, "आप्पांचं भजन लालमधी पुरतं आलंय न्हवं?"

"पुरतं. ऐकलंय की मी."

"मग काळजी न्हाई. रविवारी येतो."

शालन शेजारीच कान देऊन उभी होती. तिचा जीव भांड्यात पडला.

रविवारी दिनकर आला. टेबल रिकामं होतं. कॉम्प्युटरच्या जागी लसणाचा ढीग होता.

"दाजी, कॉम्प्युटर कुठाय?"

"आत्ताच भंगारवाल्याला दिला. त्यानं लसूण दिला. गावरान हाय."

"अवो, कुणी सांगितलं द्यायला?" शालन आतून धावत आली.

"तूच. आप्पांचा आवाज काढून झाला, की डबा भंगारवाल्याला."

दिनकरने कपाळाला हात लावला. मग त्याला हसूच आलं. "जाऊ दे, अक्का. डबा दुसरा मिळंल. आप्पा तर हायत. दाजी, तो लाल पेनड्राइव्ह आणा."

"तो कसा आणू? डब्यालाच हाय की."

"डब्याला?"

"तूच म्हणालास न्हवं? जितं हाय तितं राहू द्यायचं."

शालन तशीच अनवाणी धावत सुटली. तिच्यामागे दिनकर. वेशीजवळ भंगारवाल्याचा गाडा दिसला. वर कॉम्प्युटर आडवा पडला होता आणि त्याच्या कुशीतून लाल पेनड्राइव्ह डोकावत होता. शालनने रडत रडतच त्याला हात घातला.

मागून हिंदुराव धापा टाकत ओरडत आला, "शालन, थांब! मधेच वढू नगंस!"